साबणाचे खडे

मास्तरांना चुकायची सवय नव्हती. कुणाला विडीची नसते, कुणाला पत्त्यांची नसते, तशी ह्यांना चुकायची नव्हती. साबणाच्या कारखान्यात ते भट्टीखात्याचे प्रमुख होते. तेल आणि कॉस्टिक सोडा एकत्र शिजवून त्याचा साबण करायचा हे त्यांचं काम, आणि तिथे चूक म्हणजे अख्खी कढई वाया. कढईतला साबण झाला की नाही हे बाकीचे लोक प्रयोगशाळेला विचारत. मास्तर पट्टीवर थोडासा उचलून अंगठ्याने चेपून बघत, जिभेच्या टोकाला लावत आणि सांगून टाकत. जीभ चुरचुरली तर कॉस्टिक जास्त, बोट तेलकट झालं तर शिजायचा बाकी. प्रयोगशाळेचा निकाल मागाहून यायचा आणि निमूटपणे मास्तरांच्या मागे उभा राहायचा. वर्षानुवर्षं असं झालं की माणसाचं डोकं फिरतं. तो घरी येऊनसुद्धा प्रत्येक गोष्टीला अंगठा लावून बघायला लागतो.

घरी बायको होती. तिला चुकायची भरपूर सवय होती, निदान मास्तरांच्या मते. ती पडदे धुवायला काढायची ते नेमके ढगाळ दिवशी. गोष्ट सांगायला बसली की शेवट आधी सांगून मोकळी व्हायची. बसमधून एक थांबा आधीच उतरायची आणि मग पाय ओढत यायची. मास्तर तिला सुधारत. रागावून नाही हं, हसत हसत, चार माणसांत. त्यांचा आवाज घरात कधी चढला नाही. ज्याचं नेहमीच बरोबर असतं त्याला आवाज चढवायची गरज काय? लेक लग्न होऊन सासरी गेल्यावर तर घरात सुधारण्याजोगं बायकोशिवाय दुसरं कुणी उरलंच नाही.

अशात बायकोच्या उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. जेवण झालं की दुखायचं, पाठीपर्यंत जायचं, आणि ती ओट्याला धरून उभी राहायची. डॉक्टरांनी मशीन फिरवून बघितलं आणि सांगितलं की पित्ताच्या पिशवीत खडे आहेत.

"पिशवी काढून टाकू. लहानसं ऑपरेशन आहे, दोन दिवसांत घरी. पण लांबवू नका. एखादा खडा घसरून नळीत अडकला तर कावीळ होईल, आत पू होईल, आणि मग मी कसलीच खात्री देणार नाही."

इतकं स्वच्छ सांगितल्यावर कुणाच्या मनात शंका राहायला नको. पण बायकोची आई अशाच एका लहानशा ऑपरेशनला हसत हसत आत गेली होती आणि चादर ओढलेली बाहेर आली होती. बायको तेव्हा दाराशी तिची चप्पल सांभाळत उभी होती. घरी आल्यावर तिने हे मास्तरांना सांगितलं. शंभरदा सांगून झालेलं, पुन्हा एकदा सांगितलं.

"तुझी आई हृदयाने गेली," मास्तर म्हणाले. "ऑपरेशनने नाही. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी झाल्या, एवढंच."

बरोबर होतं. पण बरोबर बोलून कुणाची भीती पळाली आहे? तारीख घ्यायची राहिली, आणि ह्या फटीतून मेहुणी आत आली.

मेहुणी म्हणजे बायकोची धाकटी बहीण. तिचं ब्यूटी पार्लर होतं. तिथे खुर्चीत बसणाऱ्या बायका तोंडाला लेप लावून जे काही बोलत, ते सगळं तिच्या कानावरून जात होतं आणि त्यातलं निम्मं कानातच राहत होतं. बाई प्रेमळ, पण विश्वास ठेवायला फार उतावीळ. ती एक उपाय घेऊन आली. दिवसभर काही खायचं नाही, जुलाबाचं मीठ पाण्यातून घ्यायचं, आणि रात्री पेलाभर तेल आणि पेलाभर आंबट रस एका दमात. सकाळी सगळं बाहेर. खडेसुद्धा.

"भाऊजी, शरीरात विष साठतं," ती म्हणाली. "वर्षानुवर्षांचं. ते कधीतरी धुऊन काढावं लागतं."

"कुठलं विष?" मास्तरांनी विचारलं.

"कुठलं म्हणजे? विष."

"नाव असेल की त्याला काही. आमच्याकडे प्रत्येक पिंपावर लिहिलेलं असतं."

"असं नाव नसतं हो त्याला."

"नाव नाही, गाव नाही, आणि हाकलायला निघालीस. मग गेलं हे कळणार कसं? निरोप पाठवतं का पोचल्यावर?"

मेहुणी ओशाळून हसली. मास्तरांना चेव आला.

"आणि इतकी वर्षं यकृत काय गादीवर लोळत पडलंय? किडन्या पगारी रजेवर गेल्यात? अगं, आत रात्रंदिवस धुणं चाललेलं असतं. तू झोपतेस तेव्हाही. रक्त फिरतंय, गाळलं जातंय, नको ते बाहेर जातंय. जन्मल्यापासून चालू आहे. त्याला तुझ्या पार्लरची मदत लागत नाही. आणि ज्या दिवशी ते धुणं बंद पडेल ना, त्या दिवशी पेलाभर तेलाने ते चालू होत नाही, त्या दिवशी दवाखाना लागतो."

ह्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. मी म्हणेन, पाठ करून ठेवावं असं होतं. फक्त बायको तिथेच बसली होती, बरगडीखाली हात धरून, आणि सगळं बोलणं तिच्या डोक्यावरून मेहुणीकडे चाललं होतं. मास्तरांना वाद जिंकायचा होता. बायकोला ऑपरेशनला न्यायचं हा त्या वादाचा विषय आहे, हे त्यांच्या ध्यानातून केव्हाच निसटलं होतं.

मास्तर रात्रपाळीला गेले त्या दिवशी बायकोने तेल प्यायलं.

सकाळी ते घरी आले तर ती दारातच. चेहरा उतरलेला, डोळे खोल गेलेले, पण त्या डोळ्यांत काय चमक. तिने हाताला धरून त्यांना ओट्यापाशी नेलं. काचेच्या बरणीत, पाण्यात, हिरवट खडे. काही वाटाण्याएवढे, काही बोराएवढे, गुळगुळीत. तिने ते गाळणीत धरून किती वेळा धुतले होते ते तिचं तिला माहीत.

"पडले," ती म्हणाली. "अहो, सगळे पडले. मोजत होते, मग मोजायचं सोडून दिलं."

मास्तरांनी चिमट्याने एक खडा उचलला आणि सवयीने अंगठ्याने चेपला. खडा दबला. दगड दबत नाही. हा मेणासारखा दबला, अंगठ्याला बुळबुळीत लागला, आणि मास्तरांच्या अंगठ्याला जे कळायचं ते त्याच क्षणी कळलं. जिभेला लावायची गरज पडली नाही, हे नशीबच म्हणायचं. हा साबण होता. कच्चा, अर्धामुर्धा, पण साबणाच्याच जातीचा. तिने प्यायलेलं तेल पोटातल्या रसांनी फोडलं, क्षारांनी आवळलं, आणि रात्रभरात त्याच्या गोळ्या वळल्या. पित्ताने रंग दिला. पिशवीतले खडे पिशवीतच होते, जिथल्या तिथे.

"कसे आहेत?" बायकोने विचारलं.

"वा," मास्तर म्हणाले.

एवढंच. आता इथे थांबून मला जे वाटतं ते सांगतो. मास्तरांनी तिला तिथल्या तिथे, ओट्यापाशी, दोघंच असताना सांगितलं असतं, की अगं, हा साबण आहे, तुझे खडे आतच आहेत, तर ती खट्टू झाली असती. तासभर रडली असती. आणि मग तिने तारीख घेतली असती, कारण दुसरा रस्ताच उरला नसता. हे मास्तरांनाही ठाऊक होतं. पण रविवारी व्याही आणि विहीणबाई जेवायला येणार होते. एवढं खरं, एवढं घवघवीत खरं हातात आलेलं, ते एका बाईपुढे ओट्यापाशी वाया घालवायचं? साबण मुरू द्यावा लागतो, हे भट्टीवरच्या माणसाला कुणी शिकवायला नको.

तो आठवडा बायकोने कसा काढला म्हणून सांगू. दुखणंही थांबलं होतं. थांबणारच, त्या रात्रीनंतर पोटात तेलतुपाचा थेंब गेला नव्हता, पिशवीला कामच नव्हतं. ती शेजारणीला बरणी दाखवून आली. लेकीला फोनवर खडान्‌खडा सांगितलं. वर्षानुवर्षं ह्या घरात कुठलीही गोष्ट मास्तरांना आधी माहीत असायची, आणि आता पहिल्यांदाच तिच्याकडे काहीतरी होतं जे तिने स्वतः केलं होतं, त्यांना न विचारता, आणि ते सफल झालं होतं. भांडी घासताना ती गुणगुणायला लागली. मास्तर वर्तमानपत्राआडून ऐकत आणि मधूनच म्हणत, "वा."

रविवारी व्याही आले, विहीणबाई आल्या, लेक आणि जावई आले. मेहुणीला बोलावलं नव्हतं. जेवणं झाली, सगळे पाय पसरून बसले, तसे मास्तर म्हणाले, "अगं, तुझी ती बरणी दाखव की विहीणबाईंना."

बायको लाजली. जेवल्यावर असलं काय दाखवायचं, म्हणाली. पण विहीणबाईंनी आग्रह केला. लेकीने बरणी आणून दिली. मग बायकोने सगळं सांगितलं, ह्या वेळी शेवट आधी न सांगता, नीट क्रमाने. विहीणबाई पुढे सरकून ऐकत होत्या. ह्या बाई सहसा कुणाला दाद देत नसत, पण त्या म्हणाल्या, "माझ्या बहिणीलाही खडे आहेत हो. तिला सांगते मी. किती धीराच्या तुम्ही." बायकोचे कान लाल झाले. लग्नात लेक दिल्यापासून ती ह्या बाईंच्या चांगल्या शब्दासाठी झुरत होती.

"जरा कोमट पाणी आण गं भांड्यात," मास्तर लेकीला म्हणाले.

त्यांनी चिमट्याने मोठे मोठे खडे निवडून पाण्यात टाकले. खडे पाघळायला लागले. खरं तर इथेच सिद्ध झालं होतं, दगड कोमट पाण्यात पाघळत नाहीत. इथे थांबता आलं असतं. पण मास्तरांनी सदऱ्याच्या खिशातून कागदाची पुडी काढली आणि त्यातली चिमूट पाण्यात सोडली. धुण्याचा सोडा होता तो. कच्च्या साबणाला नीट फेस येत नाही, हे मास्तरांना माहीत होतं, म्हणून पुडी सकाळीच बांधून ठेवली होती. खरं बोलायलासुद्धा लबाडीचा एवढासा टेकू लागला. मग त्यांनी बाह्या वर केल्या आणि दोन्ही हात भांड्यात घालून चोळायला लागले. फेस आला. चांगला, जाड, पांढरा फेस, मनगटापर्यंत. बायकोच्या पोटातून पडलेल्या ऐवजाने त्या गृहस्थाने व्याह्यांसमोर हात धुतले, टॉवेलला पुसले आणि वास घेऊन म्हणाले, "सुगंध तेवढा घालायचा राहिलाय."

क्षणभर कुणाला काही समजलं नाही. मग मास्तरांनी समजावून सांगितलं. तेल असं फुटतं, क्षार असे धरतात, खडे आतच आहेत, आणि हा आमच्या कारखान्याचा घरगुती माल. व्याह्यांना आधी हसू फुटलं. ते इतके हसले की डोळे पुसायला चष्मा काढावा लागला. जावई हसला. लेकीने ओठ दाबून धरले, पण ती पण हसलीच.

"विहीणबाई, बहिणीला सांगा," मास्तर म्हणाले, "आंघोळीचा साबण आता बाजारातून आणायला नको."

विहीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी पदर सावरला आणि बरणीपासून जरा लांब सरकून बसल्या. ते जास्त वाईट होतं.

बायकोही हसली. दुसरं काय करणार? सगळ्यांबरोबर हसली, भांडं उचललं, फेस मोरीत ओतला, बरणी ओतली, दोन्ही घासून उपडी घातली, टेबल पुसलं, आणि सगळ्यांना काय हवं नको ते विचारलं. त्या दिवशी तिने कानाला खडा लावला. तो मात्र साबणाचा नव्हता.

व्याही मोकळ्या स्वभावाचे. फोनवर विचारायचे, "काय म्हणतोय कारखाना?" हे नाव लेकीच्या सासरी रुळलं, मग मास्तरांनी ते स्वतःच्या खात्यात नेलं. भट्टीवरचे लोक डबा खाताना विचारत, आज वहिनींच्या कारखान्याला सुट्टी का. मास्तर खूश. मेहुणीला त्यांनी फोनवर चार खडे बोल सुनावले आणि वर फेसाची गोष्टही सांगितली. तिने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

"आता तारीख घेऊ या ऑपरेशनची," मास्तर एका सकाळी म्हणाले.

"कशाला?" बायको म्हणाली. "दुखत कुठेय?"

"नाही दुखत?"

"अजिबात नाही."

मास्तर विचारात पडले. खडे आत आहेत हे नक्की. तेलाने काही झालं नाही हेही नक्की. मग दुखणं गेलं कुठे? आणि त्यांना उत्तर सापडलं. दुखणं मनाचं होतं. खडे काय, कित्येकांच्या पिशवीत निवांत पडून असतात. हिने भीती घेतली, भीतीने दुखलं, आणि चार माणसांत भ्रमाचा भोपळा फुटला तसं डोकं साफ झालं आणि दुखणं पळालं. म्हणजे बरं कुणी केलं? मास्तरांनी केलं. हा शोध त्यांना इतका आवडला की तो अंगठ्याने चेपून बघायचं त्यांना सुचलंच नाही.

कारखान्यात ते हा इलाज सांगू लागले. कुणाच्या बायकोचं डोकं दुखायचं, कुणाच्या आईची कंबर. मास्तर म्हणत, "लाड करू नका. एकदा चार लोकांत हसा. मनातला मळ निघाला की माणूस बरा." मेहुणीच्या विषाला नाव नव्हतं. ह्यांच्या मळालाही नव्हतं, पण ते विचारणारं कुणी नव्हतं.

घरात काय चाललं होतं ते असं. बायको पोळी कोरडी खायची आणि म्हणायची, वजन कमी करतेय. न्हाणीघरात जाऊन नळ सोडायची आणि पुष्कळ वेळ बाहेर यायची नाही. आडवं होण्याऐवजी खुर्चीत बसून डोळे मिटायची. मास्तर विचारायचे, "दुखतंय का?" ती म्हणायची, "नाही." मास्तर समाधानाने मान हलवायचे. विचारत होते ते तिच्यासाठी नाही, स्वतःच्या शोधाची खात्री करायला.

मग तिला खाज सुटली. हात, पाय, पाठ, तळवे. झोपेतसुद्धा नखं चालायची, हातांवर ओरखडे उठले. हे मात्र मास्तरांना दिसलं, कारण कातडीवर काय झालं ते बघणं हा त्यांचा प्रांत. त्यांनी तिचा हात उजेडात धरला, त्वचा चिमटीत घेतली, आणि निदान केलं की बाजारचा साबण वापरतेस, त्यात कॉस्टिक जास्त आहे. दुसऱ्या कुणी नवऱ्याने कदाचित डॉक्टरला विचारलं असतं. मास्तरांना विचारायची गरज नव्हती. कारखान्यात त्यांनी एक लहान कढई खास तिच्यासाठी चढवली. नुसतं खोबरेल, सुगंध नाही, रंग नाही, कॉस्टिक जेमतेम. जिभेला लावून बघितला, गोडसर लागला. वड्या पाडून, सुकवून, कागदात गुंडाळून घरी आणल्या. आणताना त्यांना बायकोबद्दल खरोखर माया वाटत होती, हे सांगायलाच हवं. पित्त रक्तात उतरलं की अशी खाज सुटते. ती कुठल्याही साबणाने जात नाही.

बायकोने वडी हातात घेऊन बराच वेळ बघितली. चार दिवस त्याच साबणाने आंघोळ केली.

"खाज कमी आहे का?" मास्तरांनी विचारलं.

"बरीच," ती म्हणाली.

लेक अधूनमधून यायची. त्या सकाळी ती आली तेव्हा आई बाहेरच्या खोलीत खुर्चीवर अंगावर शाल घेऊन बसली होती. लेकीने खिडकी उघडली, ऊन आत आलं, आणि ती आईसमोर गुडघ्यांवर बसली.

"आई, तुझे डोळे," ती म्हणाली. "बाबा, हिचे डोळे बघा."

डोळ्यांतला पांढरा भाग पिवळाजर्द होता. साबणाचा रंग अर्ध्या छटेने बदलला तर कढई थांबवणाऱ्या माणसाने बायकोच्या डोळ्यांकडे बघितलं आणि त्यालाही दिसलं. शालीखाली तिला हुडहुडी भरली होती.

दवाखान्यात तेच डॉक्टर होते. त्यांनी विचारलं, "किती दिवसांपासून दुखतंय?"

"दुखत नाही," मास्तरांनी उत्तर दिलं. "केव्हाच थांबलं."

डॉक्टरांनी बरगडीखाली हात ठेवला, नुसता ठेवला, आणि बायको खालचा ओठ दातांत धरून छताकडे बघत राहिली. डॉक्टरांनी मास्तरांकडे एकदा बघितलं. मग पळापळ सुरू झाली, नळ्या, सुया, गाडी, आणि तिला आत नेलं.

मेहुणी पार्लर तसंच उघडं टाकून आली होती. तिला बघितलं आणि मास्तरांना काहीतरी धरायला सापडलं. ते तिच्या नावाने खडे फोडायला लागले. हिच्या तेलाने झालं, हिच्या मिठाने झालं, मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो. बाकड्यावरचे लोक वळून बघत होते. डॉक्टर बाहेर आले तेव्हा मास्तर त्यांनाच म्हणाले, "सांगा हिला. तेल पाजलं होतं हिने तिला. साबण झाला होता त्याचा. मी ओळखला होता."

"बरोबर ओळखलात," डॉक्टर म्हणाले. "तेलाने फायदा नाही, पण हे तेलाने झालेलं नाही. खडा नळीत अडकलाय. पू रक्तात गेलाय. आम्ही नळी मोकळी केली, पण किडन्या बंद पडल्यात, यकृत जेमतेम चाललंय. आधी कधीही आणलं असतं तर साधं काम होतं. इतके दिवस ह्या बाईंनी हे दुखणं सोसलं कसं, मला कळत नाही. कुणालाच बोलल्या नाहीत?"

"मला बोलली होती," मेहुणी म्हणाली.

मास्तर तिच्याकडे बघायला लागले.

"गेल्या महिन्यात आली होती ताई. पार्लरच्या मागच्या खोलीत कळवळून लोळली. मी म्हटलं, माझं चुकलं, ते तेलबिल सगळं खोटं होतं, तू आजच्या आज दवाखान्यात चल, भाऊजींना मी सांगते. हात जोडले मी तिला. तिने मला शपथ घातली. म्हणाली, त्यांना सांगू नकोस. मग ते पुन्हा बरोबर ठरतील."

"आणि तू गप्प बसलीस?" मास्तर म्हणाले.

"बसले," मेहुणी म्हणाली. "ते पाप माझं. तुमचं तुम्ही बघा."

मास्तर लेकीकडे वळले. ती भिंतीकडे तोंड करून रडत होती, आणि त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा तिने तो खांदा काढून घेतला.

डॉक्टरांनी एकेकाला आत जायला सांगितलं. जे बोलायचं ते बोलून घ्या, म्हणाले. हिरव्या पडद्याआड बायको पडली होती. पिवळी, सुजलेली, नाकात नळी. मास्तर स्टुलावर बसले. तिचा हात हातात घेतला. तो गरम होता.

"माझं चुकलं," ते म्हणाले. हे शब्द त्यांच्या तोंडात इतके नवे होते की नीट फुटलेही नाहीत. "ऐकलंस का? माझं चुकलं."

बायकोने डोळे उघडले. त्यात राग नव्हता. राग असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

"तुमचं कुठे चुकतं," ती म्हणाली. "साबणच होता की तो."

"ते जाऊ दे. दुखतंय का तुला? खरं सांग. मी डॉक्टरांना सांगतो, ते औषध देतील. दुखतंय?"

पांघरुणाबाहेर तिची दुसरी मूठ चादर आवळत होती. मास्तरांना ती दिसत होती. बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"नाही," ती म्हणाली.

त्यांनी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा नाही म्हटलं आणि डोळे मिटून घेतले, पाहुणा कधी उठतोय ह्याची वाट बघावी तसे. मास्तर उठले. पडद्याबाहेर आले आणि तिथेच थबकले. एक तरुण नर्स त्यांच्या बाजूने आत गेली. मास्तरांना आतलं सगळं ऐकू येत होतं.

"दुखतंय का मावशी?" नर्सने विचारलं.

"खूप," बायको म्हणाली. आणि मग ती रडायला लागली, लहान मुलीसारखी, हमसून हमसून. "खूप दुखतंय गं. इथे. आणि पाठीत. सोसवत नाही आता. किती दिवस झाले गं, किती दिवस."

"आधी सांगायचं नाही का?"

"कुणाला सांगू?"

नर्स तिच्याशी हळू आवाजात बोलत राहिली, आणि बायको सांगत राहिली, कुठे दुखतं, कसं दुखतं, कधीपासून दुखतं. इतकी वर्षं संसार करून मास्तरांनी तिला एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. त्यांचा हात पडद्याला लागला होता. पडदा सारून आत जावं, तिच्याजवळ बसावं असं त्यांना फार वाटत होतं. पण आत पाऊल टाकलं असतं तर ती गप्प झाली असती. म्हणून ते बाहेरच उभे राहिले, ती बोलायची थांबेपर्यंत.